ऑपरेटर बाईंचं विमान

मावशींच्या घराचं दार वाजवलं की दार उघडायच्या आधी आतून प्रश्न यायचा, "कोण बोलतंय?" दार वाजवणारा अजून एक शब्दही बोललेला नसायचा. पण मावशींची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. त्यांच्या लेखी दारावरची थाप ही घंटीच होती, आणि घंटी वाजली की पलीकडे कोणीतरी असतंच.

भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या कारखान्यात त्या ऑपरेटर होत्या. कॉलनीच्या गेटबाहेर, हायवेकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्यांनी नोकरीत असतानाच घर बांधलं होतं. वरच्या दोन खोल्यांत मी भाडेकरू म्हणून राहायला आले. मी मूळची कऱ्हाडची. जवाहरनगरच्या एका शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळाली, म्हणून एवढ्या लांब आले होते. पहिल्या दिवशी मी घराचे नियम विचारले. मावशी म्हणाल्या, "नियम एकच. दुपारी दोन ते चार मले हाक नको मारू. मी विमानात असते."

त्यांची बोली मला नवी होती. मले, तुले, काहून, कायले यांच्याशी माझी अजून ओळख व्हायची होती. इकडे दुपारच्या झोपेला 'विमान' म्हणत असतील असं समजून मी मान डोलावली.

मग एका शनिवारी शाळा लवकर सुटली. जिना चढत होते तर खालच्या खोलीतून स्वच्छ, रेडिओवर असावा तसा बाईचा आवाज आला. "प्रवाशांना नम्र विनंती. आपण आता वैनगंगा नदी ओलांडत आहोत. डाव्या बाजूला बसलेल्यांना भंडारा शहर दिसेल. ढग असल्यास दिसणार नाही, त्याबद्दल क्षमस्व."

मी खिडकीतून डोकावले. मावशी लाकडी खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. अंगावर इस्त्रीची आकाशी साडी, कानांवर एक्स्चेंजमधला जुना हेडफोन, ज्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती. समोर एक जाडजूड लॅपटॉप आणि त्याच्या पडद्यावर विमानाची काच, काचेपलीकडे आभाळ. खोलीत दुसरं कोणीही नव्हतं.

लॅपटॉप त्यांच्या मुलीचा. ती आर्किटेक्ट. शिकत असताना इमारतींची चित्रं काढायला तिने हा दणकट लॅपटॉप घेतला होता. पुढे नोकरी लागल्यावर नवा घेतला आणि हा आईकडे ठेवला, आणि निवृत्तीनंतर आईचा वेळ जावा म्हणून त्यात विमान चालवायचा एक खेळ टाकून दिला. 'खेळ' हा शब्द मात्र मावशींसमोर काढायची सोय नव्हती. मी एकदा काढला, तर त्या म्हणाल्या, "खेळात हरलं तर पुन्हा खेळता येते. इथं मागं माणसं बसली असतात, पोरी."

त्यांच्याजवळ दोन आवाज होते. एक घरातला, भंडाऱ्याचा, मोकळा. दुसरा लाईनवरचा. तो आवाज लागला की मावशी एकदम शुद्ध बोलायच्या, न चुकता, न अडखळता, मराठी नाहीतर हिंदी. कारखान्यात एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं आणि त्यांना टेलिफोनच्या बोर्डावरून उठवून कागदांच्या विभागात बसवलं, तेव्हा तो आवाज बेकार झाला होता. "बोर्ड काढून नेला त्या दिवशी मी रडली नाही," त्या मला सांगायच्या. "पण मले समजे ना, आता बोलावं कोणाशी."

बोलण्याचे त्यांचे कायदे सगळे एक्स्चेंजचे. मी शाळेतलं काही रडगाणं लांबवायला लागले की त्या हात वर करायच्या. "लाईनीत खरखर येऊन राहिली. मुद्द्यावर ये." समोरचा खोटं बोलतोय असं वाटलं तर "क्रॉस कनेक्शन झालं वाटते" म्हणायच्या. आणि निरोप म्हणून त्या कधीच घ्यायच्या नाहीत. बोलणं संपलं असं त्यांना वाटलं की "ठेवते" म्हणून सरळ आत निघून जायच्या. बाजारात, लग्नात, कोणाच्या सांत्वनालासुद्धा. दूधवाला, भाजीवाली, शेजारपाजारचे सगळे त्यांना ऑपरेटर बाई म्हणत. दोन ते चार कोणी त्यांच्या दाराशी जात नसे. दूधवाला आधी आला तर कट्ट्यावर बसून विमान उतरायची वाट बघायचा.

एकदा त्यांचं विमान पडलं. रायपूरला उतरताना वादळात सापडलं आणि धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं. मी संध्याकाळी खाली गेले तर त्या दिवा न लावता बसल्या होत्या. स्वयंपाक केला नव्हता. मी म्हटलं, "मावशी, पुन्हा सुरू केलं की झालं." त्या उठल्या, हेडफोन कानाला लावला, आणि रिकाम्या खोलीला लाईनवरच्या आवाजात म्हणाल्या, "आजच्या विमानातल्या सर्व प्रवाशांची मी माफी मागते. चूक माझी होती." मग घरच्या आवाजात मला विचारलं, "वांग्याची भाजी खाशील का?"

खऱ्या विमानात त्या कधी बसल्या नव्हत्या. मुलगी दरवर्षी तिकीट पाठवते म्हणायची. मावशी दरवर्षी तिच्याकडे रेल्वेने जायच्या. "तिथं मले मागं बसवतील," हे त्यांचं कारण. "मले मागं बसणं जमत नाही."

लाईनवरच्या आवाजाला विमानाशिवाय आणखी एकच जागा उरली होती. वस्तीतलं बुद्धविहार. तिथला माईक मावशींचा. जयंती असो, पौर्णिमा असो, वर्षावासाचं ग्रंथवाचन असो, सूचना द्यायच्या, पाहुण्यांची ओळख करून द्यायची, हरवलेली चप्पल कोणाची ते पुकारायचं, हे सगळं त्यांच्याकडे. त्या माईकसमोर उभ्या राहिल्या की मांडीवरची लेकरंसुद्धा गप्प व्हायची.

विहारातल्या सगळ्यांत वयस्क बाईला सगळे मोठी माय म्हणत. तिने उभा जन्म उन्हाळाभर विड्या वळल्या आणि पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धानाची रोवणी केली. बोधगया पाहायची तिची फार इच्छा. विहारातून गयेला बस निघायची तेव्हा तेव्हा तिचं काहीतरी आडवं यायचं. एकदा सुनेचं बाळंतपण, एकदा नवऱ्याचं आजारपण. सगळं आवरून ती मोकळी झाली तर गुडघे गेले आणि छातीचं दुखणं मागे लागलं. डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला साफ मनाई केली. त्या साली बस गेली आणि परत आली. बायका तिला तिथली माती आणि पिंपळाचं पान दाखवायला तिच्या घरी गेल्या. मोठी मायने पान हातात धरलं, परत दिलं, आणि म्हणाली, "पान त इथं बी भेटते वो. मले तिथं जाचं होतं."

मावशी तिथेच होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "पौर्णिमेले मी नेते तुमाले. विमानानं."

बायका हसल्या. मावशी हसल्या नाहीत. त्या सचिवांकडे गेल्या. विहार समितीचे सचिव म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, शिस्तीचा माणूस. विहाराच्या भिंतीवर पडदा लावून सगळ्यांना विमानाने गयेला न्यायचं, ही कल्पना ऐकून त्यांनी चष्मा काढला. "बाई, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी विहारात व्हिडिओ गेम? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, ऑपरेटर बाईनं पोचवलं."

"आणि मध्येच बंद पडलं तर? हसं कोणाचं होईल?"

"तर मग त्या दिवसापासून माईक तुमचा," मावशी म्हणाल्या. "मी पुन्हा हातात घेणार नाही."

सचिवांनी चष्मा परत लावला आणि हो म्हटलं. मी शेजारीच उभी होते. घरी येताना मी म्हटलं, "मावशी, माईक कशाला पणाला लावलात?" त्या म्हणाल्या, "मंग काय लावू? माझ्याजवळ दुसरं आहे काय?"

आणि पौर्णिमा आठवड्यावर आली असताना बटन बंद पडलं.

आता हे बटन काय, ते सांगायला हवं. त्या लॅपटॉपमध्ये चित्र काढणारी यंत्रं दोन होती. एक साधं, कमी वीज खाणारं. दुसरं जोरकस, खास मोठमोठी चित्रं हलवण्यासाठी बसवलेलं. कीबोर्डच्या वर एक छोटं बटन होतं. ते दाबलं की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि एका यंत्राचं काम दुसऱ्याकडे जायचं. बटनाशेजारी दोन दिवे. साध्याचा हिरवा, जोरकसचा पांढरा. मावशी त्यांना लहान आणि मोठं म्हणायच्या. हिशोब, फोटो, मुलीशी व्हिडिओवर बोलणं लहानवर. विमान मोठंवर. मोठं लागलं की आतला पंखा घुमायला लागायचा आणि मावशी म्हणायच्या, "इंजिन गरम झालं."

त्या सकाळी लॅपटॉपने स्वतःहूनच काहीतरी अपडेट करून घेतलं. दुपारी मावशींनी बटन दाबलं. पांढरा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. हिरवा जसाच्या तसा. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. लहानवरच विमान सुरू करून पाहिलं, तर आभाळ तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकायला लागलं. विमान बैलबंडीसारखं धक्के खात निघालं, आणि धावपट्टी सोडायच्या आतच पडदा गोठला.

आम्ही लॅपटॉप घेऊन भंडाऱ्याला दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस होता. त्याने उघडून बघितलं, बटन दाबलं, मान हलवली. "मावशी, मदरबोर्ड गेला वाटते. आता याचं वय झालं."

"वय झालं म्हणजे रिटायर होते, बापू. मरत नाही."

"नवीन घ्या ना."

"नवीन घेतलं त मले शिकाले वर्ष लागन. पौर्णिमा पुढच्या आठवड्यात आहे. ठेवते." आणि लॅपटॉप काखोटीला मारून त्या दुकानाबाहेर.

बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. वाटेतलं शहापूर गेलं. मग एकदम माझ्या गुडघ्यावर हात मारून म्हणाल्या, "बटन मेलं नाही."

"कशावरून?"

"दाबलं का दिवा लुकलुकते का नाही? म्हणजे घंटी जाऊन राहिली. पलीकडे कोणी उचलून नाही राहिलं. बोर्डावर असंच होये. साहेबाच्या टेबलावर फोन वाजत असे, साहेब जागेवर नसे. अन् लोक म्हणत, लाईन खराब आहे. लाईन खराब नसते वो! माणूस उठून गेला असते."

त्यांचं म्हणणं मला पटलं. बटन दाबल्याची वर्दी घेणारं काहीतरी आत असणार आणि नव्या अपडेटने त्यालाच जागेवरून उठवलं असणार. मी मला येत होतं तेवढं सगळं केलं. बंद करून चालू केलं. बॅटरी काढून ठेवली, परत घातली. सेटिंग उलटसुलट पाहिलं. पांढरा दिवा लुकलुकायचा आणि विझायचा.

"आता फोन करते," मावशी म्हणाल्या.

कंपनीच्या मदतीच्या नंबरवर त्यांनी फोन लावला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा घेऊन. आकाशी साडी नेसल्या होत्या. आधी यंत्राचा आवाज, मग लांबलचक संगीत. मावशी तोंड वाकडं करून ऐकत होत्या. "होल्डवर गाणं कायले वाजवतात? माणसाले वाटते आपल्याले विसरले." पहिल्या माणसाने मॉडेलचा नंबर ऐकून फोन ठेवला. दुसऱ्यानेही. मावशींनी पुन्हा लावला. मोबाईलचा आवाज मोठा ठेवून त्यांनी तो टेबलावर ठेवला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. तिसरा एक पोरगा निघाला, दमलेल्या आवाजाचा. "मॅडम, यह मॉडल बहुत पुराना है. इसका सपोर्ट बंद हो चुका है. और कोई सहायता?"

मावशींनी लाईनवरचा आवाज लावला. "बेटा, और कोई सहायता नहीं, यही चाहिए. तुमने खाना खाया?"

पलीकडचा पोरगा गडबडला. "जी... अभी नहीं."

"तुम्हारी आवाज़ से समझ गई. मैं भी ऑपरेटर थी. पूरी नौकरी बोर्ड पर. कितनी गाली खाई होगी सुबह से?"

पोरगा हसला. थकलेलं, पण खरं हसला. "बहुत, मॅडम."

"मैं गाली नहीं दूँगी. एक बात बताओ. तुम्हारे हॉल में सबसे पुराना कौन बैठता है?"

"सबसे पुराना? ... एक मॅडम हैं."

"उनको लाइन दो, बेटा. फिर जाकर खाना खाओ."

माझ्याकडे वळून, फोनवर हात ठेवून त्या घरच्या आवाजात कुजबुजल्या, "ज्या गोष्टीचं उत्तर त्याहिच्या कागदात नसते, ते हॉलमधल्या जुन्या माणसाजवळ असते. हे मी तुले सांगून राहिली, ध्यानात ठेव."

जुन्या मॅडम लाईनवर आल्या. मावशींनी त्यांना सगळं सांगितलं. बटन, दिवे, लुकलुकणं. विहार आणि मोठी मायसुद्धा सांगितली. पलीकडच्या बाई मध्येच म्हणाल्या, "अरे, वह बटन वाला! मैंने उस पर बहुत कॉल लिए हैं." आणि दोघींची अशी काही गट्टी जमली की मी चहाचे कप उचलून धुऊन आले तरी बोलणं चालूच. मावशींचंच निदान बरोबर होतं. नव्या अपडेटने दोन्ही यंत्रांचे जुने प्रोग्रॅम काढून आपले घातले होते, आणि बटनाचं ऐकणारा प्रोग्रॅम त्यात बाहेर पडला होता. उपाय एवढाच की नवे काढायचे आणि लॅपटॉपबरोबर आलेल्या सीडीवरून जुने घालायचे. पण क्रमाने. मावशी ऑपरेटरच्या सवयीने प्रत्येक वाक्य परत म्हणून दाखवत होत्या. "पहले छोटा. फिर बड़ा. सबसे आखिर में बटन. ठीक है. आपका बहुत धन्यवाद. रखती हूँ."

फोन ठेवून त्या माझ्याकडे विजयाने बघायला लागल्या. मी विचारलं, "ती सीडी कुठे आहे?"

मावशींचा चेहरा उतरला. त्यांनी हळूच मागच्या अंगणाकडे पाहिलं.

अंगणात त्यांचं आंब्याचं झाड होतं. पोपट आंबे कुरतडतात म्हणून मुलीच्या जुन्या सगळ्या सीड्या त्यांनी दोऱ्यांनी त्या झाडाला टांगल्या होत्या. उन्हात झाड नुसतं लखलखत होतं.

भर मे महिन्याच्या उन्हात आम्ही आकडी लावलेली काठी घेऊन सीड्या उतरवायला लागलो. मी खाली पदर धरून उभी, मावशी स्टुलावर. गाण्यांच्या निघाल्या, लग्नाच्या शूटिंगच्या निघाल्या, कोणत्या कशाच्या ते कळेना इतक्या उडालेल्या निघाल्या. पार शेंड्याजवळच्या फांदीवर एक फिरत होती. ती आकडीने खाली आली तेव्हा तिच्यावर कंपनीचं नाव पुसटसं दिसत होतं, आणि त्याच्यावर पोपटांनी आपलं मत नोंदवलेलं होतं.

ती साबणाने धुतली. लॅपटॉपमध्ये घातली. आत घुर्रर्र झालं आणि सीडी बाहेर आली. मी ती फडक्याने गोल गोल पुसायला लागले, तर मावशींनी माझ्या हातून काढून घेतली. "गोल नको. आतून बाहेर, सरळ. बोर्डाच्या पिना आम्ही अशाच पुसत होतो." त्यांनी जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा घेतला आणि देवाचा टाक पुसावा तितक्या सावकाशीने ती पुसली. पुन्हा घुर्रर्र. पुन्हा बाहेर. मावशींनी ती खिडकीशी धरून उजेडात पाहिली, एक डाग दिसला, त्यावर फुंकर घातली, पुन्हा पुसली. तिसऱ्या वेळी घुर्रर्र झालं, थांबलं, आणि पडद्यावर सीडीतल्या फायलींची नावं उमटली.

मी नवे प्रोग्रॅम काढले. मग लहान. मग मोठं. मोठंच्या वेळी पट्टी अर्ध्यावर येऊन अडकली ती हलेचना. मावशी खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसल्या आणि त्याला म्हणाल्या, "होल्डवर आहे का? राहा. मी लाईन सोडत नाही." पट्टी जरा वेळाने एक पाऊल पुढे सरकली, मग आणखी एक. शेवटी बटनाचा प्रोग्रॅम घातला, आणि पुन्हा असं आपोआप होऊ नये म्हणून अपडेट बंद करून टाकलं. लॅपटॉप बंद होऊन चालू झाला.

"तुम्ही दाबा," मी म्हटलं.

मावशींनी पदराने बोट पुसलं. बटन दाबलं. पांढरा दिवा लुकलुकला. पडदा काळा झाला. मग हिरवा विझला, पांढरा लागला, तो लागूनच राहिला, आणि आतला पंखा घुमत उठला.

मी ओरडले. टाळ्या वाजवल्या. मावशी जागच्या हलल्या नाहीत. डोळे मिटून त्या तो पंख्याचा आवाज ऐकत होत्या. मग एकच शब्द म्हणाल्या.

"उचलला."

पौर्णिमेच्या संध्याकाळी वंदना झाली, खीर वाटून झाली, आणि मावशींनी विहाराच्या खिडक्यांना जाड चादरी लावल्या. शाळेतून मी प्रोजेक्टर मागून आणला होता. खुर्च्या विमानातल्यासारख्या दोन्हीकडे रांगांनी, मधे वाट. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका खिडकीच्या जागेवरून भांडत होत्या. मोठी मायला पुढच्या रांगेत, पाठीला उशी देऊन बसवलं होतं. मावशींनी स्वतः सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. "भिंतीसमोर कोणी यायचं नाही," असं तीनतीनदा बजावलं. सचिव हाताची घडी घालून दाराशी उभे होते.

मावशींनी बटन दाबलं. पांढरा. भिंतभर नागपूरची धावपट्टी उमटली. "प्रवाशांना नम्र विनंती, आपले विमान बोधगयेकडे निघत आहे." विमानाने वेग घेतला, जमीन सुटली, आणि विहारात एकच "बापा बापा बापा" झालं. कोणीतरी शेजारणीचा हात घट्ट धरला. वैनगंगा दाखवली तेव्हा बायका उठउठून आपापलं गाव शोधायला लागल्या. मधला लांबचा प्रवास भरभर पुढे न्यायची सोय त्या प्रोग्रॅममध्ये होती. मावशी एरवी ती वापरत नसत, लबाडी वाटायची त्यांना. त्या दिवशी मोठी मायच्या गुडघ्यांसाठी वापरली.

आणि गया थोडी अलीकडे असताना लाईट गेली.

भिंत काळी झाली. पंखे थांबले. दाराकडून सचिवांनी घसा खाकरल्याचा आवाज आला. मी मावशींकडे पाहिलं. लॅपटॉप त्याच्या म्हाताऱ्या बॅटरीवर चालू होता आणि मोठंवर ती बॅटरी काही मिनिटांतच मान टाकणार होती. मावशींनी विमान होतं तिथेच राखून ठेवलं, प्रोग्रॅम बंद केला आणि बटन दाबलं. पांढरा गेला, हिरवा आला, पंखा शांत झाला. आता लॅपटॉप तग धरणार होता. मग त्या उभ्या राहिल्या. माईकही बंद होता. त्यांना त्याची गरज नव्हती.

"प्रवाशांनी घाबरू नये," लाईनवरच्या आवाजात त्या म्हणाल्या. "विमान ढगात शिरले आहे. ढगात काही दिसत नसते. आपण कुठे आहोत ते मला माहीत आहे. जागेवर बसून राहा."

त्या अंधुक उकाड्यात कोणीही उठलं नाही. मावशी बोलत राहिल्या. खाली आता कोणती नदी असेल, पलीकडे कोणते डोंगर, उजवीकडे कोणतं शहर. सिद्धार्थ त्या वाटेने कसा चालत गेला असेल, किती थकला असेल, तेही सांगितलं. एक बाई डोळे मिटून ऐकत होती. सचिव दाराशी उभे होते ते कधीतरी आत येऊन एका रिकाम्या खुर्चीवर बसले. शेजारच्या बाईला त्यांनी हळूच विचारलं, "ही खिडकीची आहे का?"

लाईट आली. मावशींनी बटन दाबलं. हिरवा, काळोख, पांढरा. राखून ठेवलेलं विमान पुन्हा उघडलं आणि भिंतीवर स्वच्छ ऊन पसरलं. खाली सपाट शेतं, मधे वाळूची रुंद नदी, आणि समोर धावपट्टी. मावशींनी विमान असं अलगद टेकवलं की कोणाला कळलंही नाही. ते धावत गेलं, मंदावलं, थांबलं. भोवती गवत होतं आणि लांबवर झाडं.

टाळ्या थांबल्यावर मागून कोणीतरी विचारलं, "अन् बुद्धाचं मंदिर कुठी आहे?"

मावशींनी माईक खाली घेतला. हे त्यांना आधीपासून माहीत होतं. मला त्यांनी सांगितलंही होतं. "मंदिर यात नाही," त्या घरच्या आवाजात म्हणाल्या. "ज्यानं बनवलं त्यानं टाकलंच नाही. जमीन तिथलीच आहे. झाडं आहेत."

पुढच्या रांगेतून मोठी मायचा आवाज आला.

"तवा बी झाडच होतं वो. मंदिर त मागून बांधलं." आणि मग, "उभी करा मले."

दोघीजणींनी तिला धरून उठवलं. ती एकेक पाय टाकत भिंतीकडे गेली आणि प्रोजेक्टरच्या उजेडात हात जोडून उभी राहिली. गवत, धावपट्टी, झाडं, सगळं तिच्या पांढऱ्या लुगड्यावर आलं. मी मावशींकडे पाहिलं. त्या ताठ उभ्या होत्या. त्यांनी माईक वर घेतला.

"एक प्रवासी उतरत आहेत," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांनी कृपया जागेवर बसून राहावे."

कोणीही ऐकलं नाही. एकेक करत सगळ्या बायका उठल्या आणि मोठी मायच्या मागे गयेत उतरल्या.